कोकणात घरगुती जेवण सांगताना

मालवण-तारकर्लीच्या घरगुती खानावळींत किती माणसं जेवणार हे सकाळीच कळवावं; भात त्या अंदाजानं टाकला जातो. दुपारी दोनला दहा जण अचानक दारात उभे राहिले, तर उरलंसुरलं वाट्याला येतं, आणि त्यात खानावळवाल्यांचा दोष नाही. थाळीचा दर माशावर ठरतो: बांगडा स्वस्त, सुरमई-पापलेट महाग. मुलांसाठी बिनतिखट वरण हवं असेल, तर तेही आधीच सांगावं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली. त्यापेक्षा काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या मागवाव्यात. आजींचा सोमवार असला, तरी चालतं.