दवाखान्याइतकेच जवळ हवे भाजीचे दुकान

आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे औषधाच्या बाटल्या, इंजेक्शन आणि रक्ताची तपासणी उभी राहते. किराणा दुकान किंवा भाजीची हातगाडी कोणाच्या मनात येत नाही. परंतु अनेक वर्षे रुग्ण तपासताना एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर काय विकत मिळते, त्यावर घरातले ताट ठरते आणि ताटावर प्रकृती ठरते.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला आम्ही डॉक्टर मंडळी सांगतो, ‘‘भात कमी करा, पालेभाजी वाढवा, मीठ-तेल बेताने घ्या.’’ रुग्ण मान डोलावतो. एखादी आजीबाई मात्र स्पष्टच विचारते, ‘‘डॉक्टर, माळवं खा म्हणतायसा, पर आणू कुठनं? बाजारापतूर पाय चालत न्हाईत, पोरगं येतंय रात्री नऊला, आन् आळीतल्या टपरीवर बिस्किटाचा पुडा सोडून काय गावत न्हाई.’’ या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. म्हणून आज या सदरात रोगाऐवजी दुकानाविषयी लिहीत आहे.

गावात भाजी, पण आळीत नाही

उंब्रज हे कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावरचे, महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव. अशा गावात भाजीला काय तोटा, असे कोणीही म्हणेल. खरे आहे, गावाला तोटा नाही. तोटा असतो तो गावातल्या काही आळ्यांना, जुन्या गावठाणातल्या काही घरांना आणि गावाबाहेरच्या वस्त्यांना.

महामार्गावरच्या बहुतेक गावांत असेच घडते. रहदारी जिकडे, तिकडे व्यापार सरकतो. मोठी दुकाने रस्त्याच्या कडेला जातात. जुन्या पेठेतला वाणी म्हातारा होतो, मुले नोकरीला पुण्या-मुंबईला जातात आणि एके दिवशी दुकानाची फळी लागते ती पुन्हा उघडत नाही. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याला याची झळ लागत नाही. झळ लागते ती म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बाईला, लहान मुलांच्या आईला आणि दिवस मावळल्यावर कामावरून परतणाऱ्या मजूर कुटुंबाला. गुडघेदुखीच्या बाईला भाजीच्या पिशवीसह रहदारीचा रस्ता ओलांडणे हे डोंगर चढण्यासारखेच असते.

वाण्याच्या जागी टपरी येते. टपरीत काय असते? तळलेले पुडे, गोड बिस्किटे, खारी-टोस्ट, रंगीत सरबते, तंबाखू आणि गुटख्यासारख्या पुड्या. हा माल नासत नाही, त्याला जागा थोडी लागते आणि पाच-दहा रुपयांत विकला जातो. टपरीवाल्याचा यात दोष नाही, तो पोट भरतो. पण आळीतल्या पोरांच्या हातात शेंगदाणे-फुटाण्याऐवजी हा पुडा येतो, आणि आजीच्या सकाळच्या चहाबरोबर भाकरीऐवजी खारी येते.

धान्य मिळते, पण ताट पुरे होत नाही

‘‘रेशन तर मिळते ना?’’ असा प्रश्न येईल. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकास दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. यामुळे अनेक घरांत चूल पेटते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हे धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ आहे. त्याने भूक भागते. लोह, जीवनसत्त्वे, चोथा आणि पुरेशी प्रथिने यांची उणीव तशीच राहते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहारसूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत साधारण प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत असे म्हटले आहे. आपल्याकडे दोन भाकऱ्यांबरोबर चमचाभर कोरड्यास आणि वाटीभर पातळ आमटी खाल्ली की जेवण झाले असे समजतात. परिणाम काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के आणि पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६९ टक्के यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे दर दोन बायांत एक. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. जंत, मासिक पाळीतला जादा रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे ही त्यांपैकी काही. पण ताटातली उणीव हे त्यांतले मोठे कारण.

दुसऱ्या बाजूला मधुमेह आणि रक्तदाब आहेत. भाजीतला चोथा साखर रक्तात हळूहळू उतरवतो. ताटात भाजी आणि डाळ कमी असली की पोट भरण्यासाठी भात व चपाती वाढते, आणि साखर गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नाही. मग रुग्ण म्हणतो, ‘‘गोळी लागू पडत नाही.’’ गोळी आपले काम करते. ताट तिला साथ देत नाही.

दुकान आपोआप येत नाही

दुकान येणे न येणे नशिबावर असते असे आपण समजतो. इतिहास वेगळे सांगतो. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली लोकांनी स्वतः भागभांडवल जमवून सहकारी ग्राहक भांडार उभे केले. तेच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून प्रसिद्ध झाले. युद्धानंतरची टंचाई आणि काळाबाजार यांना कंटाळलेल्या माणसांनी वाण्याची वाट पाहिली नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरला सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘वारणा बाजार’ उभा राहिला आणि खेड्यातल्या माणसाला शहरासारखे भांडार दाराशी मिळाले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाशिवायच मार्ग काढला. शेजारची काही कुटुंबे एकत्र येतात, महिन्याची यादी आधी देतात, माल एकत्र खरेदी होतो आणि घराजवळ वाटला जातो.

परदेशातला अनुभवही बोलका आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या मध्यभागाला लागून असलेल्या हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीत सुमारे तीस वर्षे मोठे किराणा दुकान नव्हते. रहिवाशांनी खटपट केली, सार्वजनिक पैशाची मदत मिळाली आणि २०१३ मध्ये दुकान उघडले. २०१९ मध्ये ते बंद पडले. फिलाडेल्फिया शहरात नवे दुकान उघडल्यावर शेजारच्या लोकांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुकान जवळ आले हे लोकांना जाणवले, पण त्यांचे फळे-भाज्या खाण्याचे प्रमाण फारसे वाढले नाही. यातून दोन धडे मिळतात. एक, नुसते दुकान आणून भागत नाही, ते चालवायला गिऱ्हाईक लागते. दोन, जीभ आणि सवय ही दुकानापेक्षा हळू बदलतात.

वाणी का येत नाही?

वाण्याच्या जागी बसून विचार करा. पालेभाजी दुसऱ्या दिवशी मान टाकते. विकली गेली नाही तर नुकसान त्याचे. आळीतली अर्धी खरेदी उधारीवर, आणि रोखीची खरेदी मात्र बाजारात. गाळ्याचे भाडे व विजेचे बिल चुकत नाही. मग तो ना नासणारे पुडे ठेवील, नाही तर काय करील? म्हणून त्याला बोलवायचे असेल तर आळीने आधी हिशेब मांडावा.

समजा, आळीत ६० घरे आहेत आणि घरटी चार माणसे, म्हणजे २४० माणसे. पोषण संस्थेचे ४०० ग्रॅम बाजूला ठेवा, माणशी रोज नुसती १०० ग्रॅम भाजी धरा. रोजची २४ किलो भाजी झाली. हातगाडीवाला आठवड्यातून दोनदा आला तर प्रत्येक खेपेस सुमारे ८४ किलो माल खपू शकतो. हा आकडा घेऊन गेलात तर भाजीवाला तुमचे बोलणे मन लावून ऐकेल. ‘‘आमच्याकडे ये बाबा’’ एवढ्याने तो येणार नाही.

आळीने काय करावे?

१. वार आणि वेळ ठरवा. मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात, अमक्या देवळापुढे, असे एकदा ठरले की विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघांचीही फेरी वाया जात नाही. कामावरून येणाऱ्या बायांची वेळ धरूनच हे ठरवावे.

२. पहिले तीन महिने रोखीने घ्या. उधारीच्या वहीने अनेक चांगली दुकाने बुडवली आहेत.

३. शेतकऱ्याला थेट बोलवा. राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. आपल्या शिवारातला माळकरी पहाटे माल मुंबई-पुण्याला धाडतो, त्यातली चार पोती आळीत उतरली तर त्याचे भाडे वाचते आणि आपल्याला ताजा माल मिळतो.

४. बचत गटाला पुढे करा. बंद पडलेला एखादा गाळा किंवा समाजमंदिराची ओसरी ठराविक वेळेसाठी मिळावी, असा विषय ग्रामसभेत मांडावा. गटाने अन्नविक्रीची नोंदणी रीतसर करून घ्यावी. वजनकाटा प्रमाणित असावा.

५. जो टपरीवाला आळीत आहेच, त्यालाच सांगा. फुटाणे, शेंगदाणे, अंडी, केळी, लिंबे आणि मोड आलेली मटकी एवढे पाच-सहा जिन्नस तो सहज ठेवू शकतो. मागणी दिसली की तो नक्की ठेवतो.

दुकान येईपर्यंत काय?

तोवर हातावर हात ठेवून बसू नये. आठवडा बाजारातून आणलेला माल आठ दिवस पुरवण्याचा एक साधा क्रम आहे. जे लवकर नासते ते आधी खावे.

पहिले दोन दिवस मेथी, तांदुळजा, शेपू, चुका, पालक या पालेभाज्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गवार, भेंडी, वांगी, दोडका. पाचव्या-सहाव्या दिवशी कोबी, दुधी, गाजर. शेवटच्या दोन दिवसांत लाल भोपळा आणि मोड आलेली कडधान्ये. मोड आले की कडधान्यात क जीवनसत्त्व तयार होते, जे कोरड्या दाण्यात जवळजवळ नसते. म्हणून भाजी संपली त्या दिवशी मटकी, मूग किंवा घेवड्याची उसळ हा उत्तम पर्याय आहे.

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवली तर जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात. पालेभाजीवर किंवा उसळीवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, चहा लोह अडवतो. पावसाळ्यात बांधावर उगवणारी घोळ, पाथरी, टाकळा यांना नाक मुरडू नये. मात्र ओळखीची असेल तीच रानभाजी घ्यावी आणि फवारणी झालेल्या शेताकडेची टाळावी. परसात चार हात जागा असेल तर एक शेवगा लावा. त्याचा पाला, फुले, शेंगा सगळे उपयोगी पडते.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्या व फळे किती घ्यावीत हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सतत थकवा, धाप, छातीत धडधड, डोळ्यांच्या आतला भाग पांढुरका दिसणे, अशी लक्षणे असतील तर नुसत्या भाजीवर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर स्त्रीत ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर उपचार लागतात. लोहाच्या गोळ्या तेथे मिळतात, त्या सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्यात.

आपण देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी काढतो, गणपतीसाठी बैठका घेतो. तशीच एक बैठक येत्या रविवारी आळीतल्या भाजीसाठी घ्यावी. वही-पेन घेऊन घरे मोजावीत, कोणाला काय लागते ते लिहावे आणि ती यादी घेऊन दोघांनी भाजीवाल्याकडे जावे. या कामाला ना डॉक्टर लागतो, ना मोठे भांडवल. आणि घरातली जी म्हातारी माणसे बाजारापर्यंत पोचू शकत नाहीत, त्यांचे नाव त्या यादीत सर्वांत वर लिहावे.