गावच्या शर्यतीत बायामाणसांचे नाव



लागण, खोडवा, खताच्या मात्रा यांवर आम्ही नेहमी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. हिवाळ्यात ठिकठिकाणी धावण्याच्या शर्यती होतात. त्यांत आमच्या भगिनींची नावे कमी का, आणि ती वाढवायची कशी, एवढेच सांगायचे आहे.

धाड भागात ऊसनोंदीसाठी फिरताना निंदणाऱ्या बायांपाशी आम्ही हा विषय काढला. एक आजी म्हणाल्या, "साहेब, दिवसभर वावरात पाय मोडतात, आता आणखी धावाचं कशाले?" सगळ्या हसल्या. त्यांची नात मात्र हसली नाही. ती पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे अंधारात रस्त्यावर धावते, तेही भाऊ सोबत असला तरच. भाऊ परगावी गेला की धावणे बंद.

भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर धावावे लागते. 50 गुणांपैकी 20 गुण त्यावर आहेत. म्हणजे धावणे ही हौस नव्हे, पोटापाण्याची गोष्ट आहे.

गंमत अशी, की हेच 800 मीटर बायकांना झेपत नाहीत असे एकेकाळी मोठमोठ्यांनी ठरवले होते. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत झाली. धावणाऱ्या दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ती बंद केली. पुन्हा सुरू झाली ती 1960 साली, रोमला. स्त्रियांची मॅरेथॉन तर ऑलिंपिकमध्ये 1984 साली आली. पुढे 2016 साली आमच्या महाराष्ट्रातल्या माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. ताकद होतीच, वाट अडवलेली होती.

आता घरचे उदाहरण घ्या. लता भगवान करे या मूळच्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी कुटुंब बारामतीकडे गेले. शेतमजुरी करायची आणि खायचे. नवरा आजारी पडला, तपासण्यांना पैसा नव्हता. 2013-14 च्या सुमारास बारामतीच्या शर्यतीत, साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि वडीलधाऱ्यांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर 2020 साली चित्रपट आला. त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. कौतुक करावे तेवढे थोडेच. पण आम्हाला वाटते, बाईने धावावे म्हणून घरावर संकट यायची वाट पाहू नये.

शर्यत भरवताना

1. मुलींसाठी 800 मीटर, बायांसाठी 3 कि.मी. आणि म्हाताऱ्यांसाठी चालण्याचा गट ठेवावा.
2. बाजाराचा दिवस टाळावा. पाणी, स्वयंपाक, धारा उरकल्यावरची वेळ धरावी.
3. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता घेऊ नये. वळणावर लाल झेंडी घेऊन माणूस उभा करावा.
4. साडी, सलवार, पँट, जे सोयीचे ते चालेल. शेरेबाजी करणाऱ्याला मात्र तिथेच समज द्यावी.
5. शाळेत कपडे बदलायला खोली आणि स्वच्छ संडास असावा.
6. बक्षीस पुरुषांइतकेच द्यावे, आणि ते तिच्याच हातात द्यावे.

तयारी कशी करावी

शेतातल्या कष्टाने अंग थकते, पण दम वाढतोच असे नाही. दमाची तयारी वेगळी करावी लागते. उसाला सगळे खत आपण एकदम टाकत नाही, हप्त्याने देतो. धावण्याचेही तसेच आहे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे झपझप चालावे. मग एक मिनिट हळू पळावे, दोन मिनिटे चालावे. पळणे थोडे थोडे वाढवत न्यावे. आठ आठवड्यांत पुष्कळ फरक पडतो. मधले दिवस विश्रांतीचे.

आधी रक्त तपासून घ्यावे. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. पोटुशी बाई, रक्तदाब किंवा छातीत दुखणे असलेली बाई, यांनी विचारल्याशिवाय धावू नये.

सभासदांना आमचे एकच सांगणे. पहाटे गावातल्या चार-पाच मुली एकत्र धावतील अशी व्यवस्था करा. दोन वडीलधाऱ्या बाया चालायला सोबत निघाल्या तरी पुरे. आमच्या त्या आजी नातीसोबत चालायला तयार झाल्या आहेत. आता भाऊ परगावी गेला तरी पोरीचे धावणे चुकायचे नाही.

— ऊस विकास अधिकारी