विशेष शिक्षकांची संघटना: सात सह्यांची गोष्ट

मी विशेष शिक्षिका. मूळची मिरजेची, गेली चौदा वर्षं बंगळूरला. आज मी संघटना कशी उभी राहते याबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून लगेच पुढे जाऊ नका. गोष्ट लेटरहेडपासून सुरू होते.

माझी एक मैत्रीण इथल्या एका खासगी शाळेत विशेष शिक्षिका होती. तिच्याकडच्या एका मुलाच्या आयईपीत, म्हणजे त्याच्यासाठी बनवलेल्या स्वतंत्र शिक्षण आराखड्यात, आठवड्याला पाच तास लिहिले होते. प्रत्यक्षात मिळायचे दोन. उरलेल्या वेळात तिला रजेवरच्या शिक्षकांच्या वर्गांवर पाठवत. वर्षअखेरीला रजिस्टर समोर आलं, त्यात पाच तास भरलेले. सही करा, म्हणाले. तिने केली नाही. एप्रिलमध्ये तिचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. त्या मुलाच्या आईला आजही वाटतं की टीचर मध्येच सोडून गेल्या.

आम्ही मैत्रिणींनी काय केलं? व्हॉट्सॲपवर धीर दिला. शाळेला पत्र लिहावं असं सगळ्यांना वाटलं, पण लिहायचं कोण म्हणून? आमच्याकडे लेटरहेड नव्हतं.

आता आमचं काम काय, ते थोडक्यात सांगते, कारण लग्नाकार्यात मला अजून विचारतात, “म्हणजे तुम्ही डॉक्टर की टीचर?” समजा, सहा वर्षांच्या मुलाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. आई पहिल्या बटणापासून सुरू करते, तिसऱ्याला मूल रडतं, मग तीच भराभर लावून टाकते. आम्ही उलटीकडून शिकवतो. सगळी बटणं आपण लावायची, शेवटचं अर्धं काजात सरकवून ठेवायचं आणि मुलाने फक्त ओढायचं. झालं, शर्ट ‘त्याने’ घातला! काही दिवसांनी शेवटचं पूर्ण त्याचं, मग शेवटची दोन. स्वतःची पाळी येईपर्यंत थांबणं, शू लागल्याचं सांगणं, दुकानात पैसे देणं, हे सगळं असंच तुकडे पाडून शिकवावं लागतं. ऑस्ट्रेलियात या कामाला ‘डेव्हलपमेंटल एज्युकेटर’ असं वेगळं नाव आहे. ॲडिलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात त्याची पदवी मिळते आणि तिथे या लोकांची स्वतःची संघटनाही आहे. आपल्याकडे आम्ही सगळे ‘स्पेशल एज्युकेटर’.

आमची नोंद ठेवणारी संस्था मात्र आहे. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद वैधानिक झाली. लोक तिला आरसीआय म्हणतात. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे काम करणं गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकूण सोळा प्रकारचे व्यावसायिक तिच्या कक्षेत येतात. विशेष शिक्षक हा त्यातला एक, श्रवणयंत्राचे तंत्रज्ञ हा दुसरा. परिषद अभ्यासक्रम ठरवते, नोंदणी देते, नूतनीकरण करते. हे हवंच. पण परिषद बसते दिल्लीत आणि ती नियामक आहे. माझ्या मैत्रिणीने सही नाकारली तेव्हा ती बरोबर होती, हे तिच्या शेजारी उभं राहून सांगणं परिषदेचं काम नाही. ते आमचं होतं.

आपल्याकडे हे काम आधी कुणी केलंय का, म्हणून मी वाचत गेले आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयापाशी पोचले. कमला निंबकर हे नाव तुम्ही फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ या शाळेमुळे ऐकलं असेल. या बाई जन्माने अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० साली भारतात आल्या. (इरावती कर्व्यांची मुलगी जाई ही पुढे त्यांची सून झाली.) चाळिशी उलटल्यावर त्या अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या. अपघाताने, आजाराने किंवा जन्मतः हात-पाय, मेंदू अधू झालेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, यासाठीचं हे शास्त्र. १९५० साली त्यांनी के. ई. एम.मध्ये या विषयाची देशातली पहिली शाळा काढली.

आणि मग, मंडळी, अवघ्या दोन वर्षांत, १९५२ साली, अखिल भारतीय ऑक्युपेशनल थेरपिस्ट संघटना! विचार करा, तेव्हा या देशात असे थेरपिस्ट होते तरी किती? शाळेतून नुकतेच बाहेर पडणारे मूठभर. एखादी दुसरी बाई म्हणाली असती, आधी माणसं वाढू द्या, मग बघू. निंबकरबाई थांबल्या नाहीत. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांच्या पंगतीत! पन्नासच्या दशकातच संघटनेचं नियतकालिकही सुरू झालं. १९५८ मध्ये नागपूरला दुसरी शाळा निघाली. कायदा कधी आला म्हणाल, तर महाराष्ट्रात राज्य परिषदेचा कायदा २००२ मध्ये आणि देशपातळीवरचा २०२१ मध्ये. म्हणजे संघटना आधी आणि कायदा पन्नास वर्षांनी. थेरपिस्ट कुणाला म्हणायचं, हे सरकारने ठरवण्याआधी त्यांनी आपापसात ठरवलेलं होतं.

आमचं नेमकं उलट झालं. नोंदवही आधी आली. कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांच्या जुन्या संघटना आहेत, काही राज्यांत कंत्राटी विशेष शिक्षकांच्याही आहेत, त्या आंदोलनं करतात. पण बंगळूरमधल्या आम्हा खासगी शाळांत आणि केंद्रांत काम करणाऱ्यांना जोडणारा धागा म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यावर निम्मे मेसेज दिवाळीच्या शुभेच्छांचे. वास्तविक या गावात कामाची कमतरता नाही. असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी इथे १९५९ पासून आहे. ती एन. एस. हेमा यांनी सुरू केली, आणि त्या स्वतः पोलिओशी झगडलेल्या. स्पास्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक १९८० पासून आहे, निम्हान्स आहेच. संस्था मुलांसाठी उभ्या राहिल्या, पालकही संघटित झाले. शिकवणाऱ्या मात्र आपापल्या पगाराच्या चिठ्ठीपुरत्या राहिल्या.

आणि आता घाई आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं जाहीर करून भरायला सांगितलं. माणसं लागणार म्हटल्यावर घाईघाईचे कोर्स निघणार, ‘तीन महिन्यांत ऑटिझम बरा’वाले निघणार. ते आधीपासूनच आहेत म्हणा.

तर आम्ही बसलो. जयनगरला एकीच्या घरी, सहाजणी: दोघी कन्नड, एक तमिळ, एक मल्याळी, एक बंगाली आणि मी. पहिला वाद, युनियन की असोसिएशन? युनियन पगारासाठी, नोकरीसाठी लढते. असोसिएशन काम कसं असावं ते ठरवते. मला आधी युनियनच हवी होती. पण आमच्यातल्या वकिलाच्या बायकोने घरातून माहिती आणली: गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगून ठेवलंय की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नाही. म्हणजे नुसतं युनियन म्हणून आमची कामगार न्यायालयाची वाट मोकळी होत नव्हती. मग असोसिएशन. सदस्यत्व फक्त नोंदणीकृत लोकांना. एका मुलाला प्रत्यक्ष दिलेले तास शिक्षक स्वतःच्या हाताने लिहील, त्याची प्रत पालकांना मिळेल, हा पहिला नियम. माझ्या मैत्रिणीचा नियम, असं आम्ही त्याला म्हणतो.

पालकांना सदस्य करायचं का, यावर दोन रविवार गेले. मी नको म्हणत होते. आपापसात चुका बोलायला एक खोली असावी, जिथे फी देणारं कुणी बसलेलं नाही. बंगाली मैत्रीण म्हणाली, मग ती आई अजून काय समजून बसली आहे ते तुला कसं कळलं? तिला कुणीतरी विचारलं म्हणूनच ना? तोडगा असा निघाला की मतदान आमचं, पण तक्रार समितीवर दोन पालक.

कर्नाटकच्या १९६०च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणीला किमान सात जण लागतात. निंबकरबाईंचं वाचून मला वाटलं होतं, सात म्हणजे काय, चुटकीसरशी. सहा सह्या झाल्या. सातवी, म्हणजे जिने रजिस्टरवर सही केली नाही तीच. ती आता घरीच शिकवण्या घेते, सहज करील असं आम्ही धरून चाललो होतो. ती म्हणाली, “दुसऱ्या शाळेत मुलाखत आहे. तिथे कळलं तर?”

आम्ही तिला आग्रह केला नाही. सातव्या सहीसाठी आता आणखी तिघींना विचारलंय, त्यातली एक हुबळीची आहे. घटनेचा कन्नड मसुदा तयार आहे, इंग्रजी तपासायचा आहे, नाव ठरायचं आहे. येत्या रविवारी चार वाजता, पुन्हा जयनगरला.