वाहन तपासणी : पोलिसांचे अधिकार व नागरिकांचे हक्क
(उज्जैन शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयात शिकणाऱ्या बहुतेक तरुणांची शासनसंस्थेशी पहिली भेट तहसील कचेरीत किंवा न्यायालयात होत नाही. ती चौकात, दुचाकीवर बसलेले असताना होते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील मूलभूत हक्क आणि चौकातील तो प्रसंग यांचा संबंध मात्र वर्गात क्वचितच जोडला जातो. परिणामी काही विद्यार्थी घाबरून पावती न घेता पैसे देतात, तर काही नसलेल्या हक्काच्या जोरावर हुज्जत घालून आपले नुकसान करून घेतात. या दोन्ही गोष्टींचे मूळ अज्ञानात आहे.

उज्जैनमध्ये हा प्रश्न अधिक जवळचा आहे. श्रावण-भाद्रपदातील महाकाल सवारी, ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यापासूनची भाविकांची गर्दी आणि २०२८ मध्ये होणारा सिंहस्थ यांमुळे शहरात वाहतूक वळविणे, वाहनबंदी व तपासणी या गोष्टी नित्याच्या झाल्या आहेत. शिंदेशाहीपासून येथे वसलेल्या मराठी कुटुंबांकडे महाराष्ट्रातून येणारे नातेवाईक अनेकदा स्वतःच्या वाहनाने येतात. त्यांच्याही मनात अनेक शंका असतात. प्रस्तुत लेखात या विषयाची कायदेशीर बाजू अध्यापकांसाठी सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मूळ तत्त्व : पायरी चढेल तशी कारणाची गरज वाढते

वाहन थांबविणे, कागद पाहणे, दंड आकारणे, कागद किंवा वाहन ताब्यात घेणे आणि अटक करणे या पाच वेगवेगळ्या कृती आहेत. कायद्याने पहिल्या पायरीवर पोलिसांना विस्तृत अधिकार दिला आहे. पुढच्या प्रत्येक पायरीवर मात्र अधिक ठोस कारणाची अट घातली आहे. हे तत्त्व लक्षात राहिले की कलमे पाठ नसली तरी चालते.

१. थांबविणे व कागद पाहणे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविणाऱ्याने गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागताच लायसन्स दाखविले पाहिजे. त्यासाठी गुन्ह्याचा संशय असण्याची अट नाही. ‘मी काहीच चूक केली नाही, मग लायसन्स का दाखवू?’ हा युक्तिवाद आपल्याकडे टिकत नाही. इंग्लंडमध्येही १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे गणवेशधारी पोलीस कारण न देता वाहन थांबवू शकतो. अमेरिकेत परिस्थिती निराळी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये डेलावेअर राज्याच्या एका खटल्यात, केवळ लायसन्स पाहण्यासाठी वाटेल ते वाहन थांबविणे घटनाबाह्य ठरविले. परदेशी चित्रपट किंवा चित्रफिती पाहून विद्यार्थी आपले हक्क ठरवीत असतील, तर हा फरक त्यांना सांगणे आवश्यक आहे.

तथापि कायद्यातील ‘गणवेशातील’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साध्या वेशातील व्यक्तीने लायसन्स मागितल्यास तिची ओळख विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

कागद मोबाइलमध्ये असले तरी चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोव्हेंबर २०१८ मध्ये दुरुस्ती होऊन डिजिलॉकर व एमपरिवहन यांतील कागदपत्रांना मान्यता मिळाली. ऑक्टोबर २०२० पासून, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने खातरजमा झालेले कागद छापील स्वरूपात मागू नयेत, अशीही तरतूद झाली. मात्र मोबाइलमध्ये स्वतः काढून ठेवलेले लायसन्सचे छायाचित्र म्हणजे डिजिलॉकरमधील दस्तऐवज नव्हे. कागद त्या क्षणी जवळ नसल्यास ते विहित मुदतीत सादर करण्याची सोय कलम १३० मध्ये आहे. लायसन्स जवळ नसणे आणि मुळात लायसन्सच नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

महाराष्ट्रातील क्रमांकाच्या वाहनांबाबत येथे एवढेच सांगणे पुरे की, लायसन्स व वाहननोंदणी या दोन्ही गोष्टी संपूर्ण भारतात ग्राह्य आहेत. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास नवीन नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. चार दिवसांसाठी दर्शनाला आलेल्या पाहुण्याला केवळ परराज्यातील क्रमांकावरून दंड होऊ शकत नाही.

२. दंड व पावती

चौकात भरला जाणारा दंड ही खरे तर न्यायालयाने दिलेली शिक्षा नसते. कलम २०० नुसार ती तडजोड असते. गुन्हा मान्य करून राज्य शासनाने ठरविलेली रक्कम भरली की प्रकरण तेथेच मिटते. अधिसूचनेत नमूद केलेल्या अधिकाऱ्यालाच ही रक्कम स्वीकारता येते. यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तडजोड ऐच्छिक आहे. आरोप मान्य नसल्यास नागरिक पैसे न भरता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बाजू मांडू शकतो. दुसरी, पावतीशिवाय दिलेले पैसे हा दंड नव्हे, आणि पावती नसल्यास प्रकरण मिटल्याचा पुरावाही राहत नाही. तिसरी, ही रक्कम राज्यागणिक वेगळी असू शकते. १ सप्टेंबर २०१९ पासून वाढीव दंडाची केंद्रीय दुरुस्ती अमलात आली, तेव्हा मध्य प्रदेश शासनाने ती लगेच लागू केली नव्हती. म्हणून वर्तमानपत्रातील आकड्यावर विसंबून वाद घालू नये.

३. कागद किंवा वाहन ताब्यात घेणे

लायसन्स ताब्यात घेण्याची कारणे कलम २०६ मध्ये दिली आहेत. दस्तऐवज बनावट वाटणे किंवा आरोपी समन्स चुकवील अशी सकारण शंका असणे, ही त्यांतील प्रमुख होत. २०१९ च्या दुरुस्तीने अतिवेग, धोकादायक वाहन चालविणे, मद्यपान, हेल्मेट न घालणे इत्यादी गुन्ह्यांची त्यांत भर पडली. चालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची म्हणजे पोच. समन्सच्या शंकेवरून लायसन्स घेतल्यास अधिकाऱ्याने पोच देणे बंधनकारक आहे, आणि त्या पोचेवर वाहन चालविता येते.

वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. चालकाकडे लायसन्स नसणे, चालक अल्पवयीन असणे, वाहनाची नोंदणी नसणे किंवा परवान्याचा भंग अशा ठरावीक कारणांसाठीच तो वापरता येतो. गाडीची चावी काढून घेणे किंवा चाकातील हवा सोडणे, असा स्वतंत्र अधिकार या अधिनियमात कोठेही दिलेला नाही.

वाहन तपासणीच्या निमित्ताने खिसे, पिशव्या किंवा मोबाइलमधील संदेश पाहण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यातून मिळत नाही. मादक पदार्थ किंवा शस्त्रे यांविषयीच्या कायद्यांत झडतीचे अधिकार आहेत. परंतु तेथे सकारण विश्वास असावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे आवश्यक आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यावी, हा जुना नियमही कायम आहे.

४. अटक

कलम २०२ नुसार गणवेशातील पोलिसांसमक्ष धोकादायकपणे किंवा मद्य पिऊन वाहन चालविल्यास, तसेच दुसऱ्याचे वाहन परवानगीविना नेल्यास विनावॉरंट अटक होऊ शकते. गुन्हा केल्यावर नाव व पत्ता सांगण्यास नकार देणाऱ्यालाही अटक करता येते. श्वासचाचणीसाठी मद्यपानाचा वाजवी संशय असावा लागतो. तो असताना चाचणीस नकार दिल्यासही अटक संभवते. मद्यपानाच्या आरोपाखाली कलम २०२ नुसार अटक केल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, अन्यथा त्या व्यक्तीस सोडावे लागते.

अटक झाल्यावर घटनेचा अनुच्छेद २२ लागू होतो. अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला मिळणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे हे हक्क आहेत. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अधिकाऱ्याच्या नावाची स्पष्ट पट्टी, अटकेचा पंचनामा व नातेवाइकांना सूचना या बाबी आवश्यक ठरविल्या. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही.

नागरिकांची कर्तव्ये

हक्कांची ही यादी म्हणजे वाद घालण्याचे शस्त्र नव्हे. सुरक्षा संहितेच्या कलम १७२ नुसार पोलिसांचे कायदेशीर आदेश पाळणे बंधनकारक आहे. सवारीच्या दिवशी वळविलेला रस्ता आपल्याला गैरसोयीचा वाटला, तरी तो आदेश पाळावाच लागतो. पोलिसांना बळाने अडविल्यास भारतीय न्याय संहितेखाली गंभीर गुन्हा नोंदविला जातो, आणि दंडाची साधी बाब तरुणाच्या नोकरीच्या आड येऊ शकते. आदेश चुकीचा वाटल्यास आधी पाळावा, मग अधिकाऱ्याचे नाव, वेळ व ठिकाण लिहून तक्रार करावी. जिल्हा पोलीस अधीक्षक, मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ आणि राज्य मानवी हक्क आयोग हे मार्ग उपलब्ध आहेत. कायदा राबविणाऱ्या यंत्रणेनेच अधिनियमाचा भंग केल्यास तिला दुप्पट दंड होतो, ही कलम २१०-ब ची तरतूदही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

पालकांसाठी एक सूचना येथे आवश्यक वाटते. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. अकरावीच्या वर्गातील मुलाकडे स्कूटरची चावी देणाऱ्या घराने याचा विचार करावा.

समारोप

वाहन तपासणी हा राज्यघटनेचा लहानसा पण जिवंत पाठ आहे. अध्यापकांनी वर्षातून एक तासिका या विषयासाठी राखावी, वाहतूक पोलीस अधिकाऱ्यास वर्गात निमंत्रित करावे आणि पावती, पोच व समन्स यांचे नमुने विद्यार्थ्यांना हाताळू द्यावेत. ‘साहेब, लायसन्स पाहा, दंड असेल तर पावती द्या’ हे वाक्य नम्रपणे व न घाबरता उच्चारता येणारा विद्यार्थी स्वतःचा हक्क जपतो, आणि प्रामाणिक पोलिसाचे कामही सोपे करतो.