मक्याचे रोप आणि पावसाची ओढ

पुणे शहरातील बिबवेवाडीपासून काही कोसांवर असलेल्या मांजरी येथे १९२३ साली तत्कालीन मुंबई इलाख्यातील कोरडवाहू शेतीच्या संशोधनास प्रारंभ झाला. पुढे १९३३ साली सोलापूर येथे या कार्याचा विस्तार झाला. पडलेले पाणी जमिनीत मुरविणे आणि मुरलेली ओल टिकविणे, हे त्या संशोधनाचे मुख्य सूत्र होय. खरीप मक्यासही ते तंतोतंत लागू पडते.

पेरणीची घाई नको

मक्याचे बी अंकुरण्यापूर्वी आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी शोषून घेते. पहिल्या सरीने केवळ वरचा थर ओलावला असता बी अंकुरते. परंतु खाली ओल नसल्यामुळे कोंभ सुकतो आणि शेतकऱ्यास दुबार पेरणीचा भुर्दंड सोसावा लागतो. यासाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावरच ४ ते ५ सेंटिमीटर खोलीवर पेरणी करणे हितावह ठरते.

रोपाची संरक्षण व्यवस्था

तग धरलेले रोप मात्र काटक असते. ओल कमी होताच मुळांकडून पानांना रासायनिक इशारा मिळतो, पर्णरंध्रे मिटू लागतात आणि बाष्पीभवन घटते. शेंड्याची वाढ मंदावते. मुळे मात्र ओलीच्या शोधात खोल जात राहतात. पाच पाने येईपर्यंत वाढीचे टोक जमिनीखाली सुरक्षित असल्याने काही पाने करपली तरी रोप सावरू शकते. दुपारी पानांची सुरळी होणे हा स्वसंरक्षणाचाच भाग होय. सायंकाळी पाने उलगडल्यास काळजीचे कारण नाही. पहाटेही ती मिटलेलीच राहिल्यास पाणी देणे अगत्याचे आहे.

पाणी एकच असेल तर

खरा कसोटीचा काळ तुरा येण्याच्या सुमारास असतो. पाण्याचा ताण पडल्यास पराग वेळेवर गळतात, पण कणसाचे केस उशिरा बाहेर येतात. परिणामी दाणे भरत नाहीत. शेततळ्यात एकाच पाळीपुरते पाणी असल्यास ते शक्यतो या काळासाठी राखावे. तोवर कोळपणी करून जमिनीच्या भेगा बुजवाव्यात आणि तण काढावे. रोपावस्थेत शेतात पाणी साचणेही तितकेच घातक असल्याने निचऱ्याची सोय असावी.

ग्रामपंचायतीने पर्जन्यमापकावरील नोंद फळ्यावर दररोज लिहावी आणि शाळेने विद्यार्थ्यांना पानांचे पहाटेचे निरीक्षण शिकवावे. एवढ्याने पेरणीचा व पाण्याचा निर्णय अंदाजावर न राहता अनुभवसिद्ध ज्ञानावर आधारलेला होईल.