पस्तिशीतले सुवर्णपदक आणि आपले गुडघे

‘‘डॉक्टर, दिवसभर घरकाम असतंच. दोन मुलं झाल्यावर आता या वयात वेगळा व्यायाम कशाला?’’ पस्तिशी ओलांडलेल्या भगिनींकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. घरकामात श्रम होतात हे खरेच. पण त्यात ठरावीक स्नायूंनाच काम पडते आणि शरीराचा तोल सांभाळण्याचा सराव फारसा होत नाही. अशा वाचकांसाठी आज स्कॉटलंडमधील एका गृहिणीची हकिकत सांगतो. त्यांचे नाव र्‍होना मार्टिन आणि त्यांचा खेळ कर्लिंग.

हा खेळ आपल्या गावात कोणी पाहिला नसेल. सुमारे ४५ मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्टीवर मोठा कॅरम मांडला आहे अशी कल्पना करा. सोंगटीच्या जागी ग्रॅनाइटचा गोल दगड असतो. वजन १७ ते २० किलो. तो घसरवत दूरच्या वर्तुळाच्या मध्याजवळ पोचवायचा. दगडापुढे दोघे जण ब्रशने बर्फ जोरजोरात घासत जातात. त्या घर्षणाने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो आणि दगड अधिक लांब व सरळ जातो. घासणाऱ्यांना चांगलीच धाप लागते.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये र्‍होनाबाई ब्रिटनच्या महिला संघाच्या कर्णधार होत्या. वय ३५, दोन मुलांची आई. साखळीतील नऊपैकी चार सामने हरल्यामुळे संघ जवळजवळ बाहेर फेकला गेला होता. पण दोन जादा सामने आणि उपांत्य सामना जिंकून त्यांनी अंतिम फेरी गाठली. स्वित्झर्लंडविरुद्ध अगदी शेवटचा दगड र्‍होनाबाईंच्या हातात होता. तो बरोबर पोचला आणि सामना ४-३ असा जिंकला. १९८४ नंतर ब्रिटनला मिळालेले हे हिवाळी ऑलिंपिकचे पहिले सुवर्णपदक!

२००६ मध्ये तुरिनला त्या पुन्हा खेळल्या. पदक मिळाले नाही. पुढे त्या प्रशिक्षक झाल्या. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये ईव्ह म्युअरहेड या २३ वर्षांच्या कर्णधाराच्या संघाने कांस्यपदक मिळवले, तेव्हा प्रशिक्षक र्‍होनाबाईच होत्या. खेळाडूचा दगड प्रशिक्षकाला सोडता येत नाही. हात, पाय आणि मन आधीच तयार करून घ्यावे लागते.

आता या खेळातील वैद्यकीय बाजू. दगड सोडताना खेळाडू एक गुडघा पूर्ण दुमडून, दुसरा पाय मागे ताणून, जवळजवळ एका पावलावर तोल सांभाळत घसरत जातो. वर्षानुवर्षे असे केल्याने खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यावर ताण येतो. ईव्हला २०१८ मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पण त्यानंतर तिने नेटाने शरीर पुन्हा उभे केले आणि २०२२ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकले. शस्त्रक्रियेने निम्मेच काम होते. उरलेले काम रुग्णाच्या व्यायामाचे, हे मी दवाखान्यात रोज पाहतो.

आपल्याला बर्फावर जायचे नाही. पण ओल्या मोरीत तोल जाऊ नये एवढे तरी हवे ना? मांडीचे स्नायू बळकट असले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. त्यासाठी सोपे उपाय :

• खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठा आणि सावकाश बसा. पाचपासून सुरू करून दहापर्यंत जा.

• भिंतीजवळ किंवा ओट्याजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहा. मग पाय बदला.

• आठवड्यातून निदान १५० मिनिटे भरभर चाला. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस पुरतात.

पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. मात्र ज्यांना चक्कर येते, मधुमेहामुळे पायांना बधिरता आहे किंवा छातीत दुखते, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. सांध्याला सूज आली किंवा दुखणे वाढत गेले, तर व्यायाम थांबवून तपासून घ्यावे.

आणि एक सांगतो. व्यायाम करताना घरातल्या मुलीला आणि सुनेलाही बरोबर घ्या. आईने शिकवलेली सवय मुलीला जन्मभर पुरते.