ठोक्याला ठोका

स्टेशन मास्तरच्या टेबलाशेजारच्या यंत्रावर घंटीचा एक ठोका पडतो. टण्. पुढच्या स्टेशनच्या मास्तरनं मला हाक मारलेली असते. मी हातातलं काम ठेवतो आणि माझ्याकडची कळ एकदा दाबतो. दहा-बारा किलोमीटरवर, त्याच्या खोलीत, तसाच एक ठोका पडतो. अजून कुणी कुणाला काहीच सांगितलेलं नसतं. पण तार शाबूत आहे आणि पलीकडे माणूस जागा आहे, एवढं दोघांनाही कळलेलं असतं. खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

मग तो दोन ठोके देतो: लाइन मोकळी आहे का? माझ्याकडे मोकळी असेल तर मी दोन ठोके परत देतो. गाडी त्याच्याकडून सुटली की तीन ठोके येतात, मी तीन परत देतो. ती माझ्याकडे सगळीच्या सगळी पोचली की मी चार देतो आणि त्याच्याकडून चार परत येतात. पाच म्हणजे आधीचं रद्द. सहा म्हणजे धोका. या भाषेचं व्याकरण अगदी छोटं आहे. आलेला संकेत नीट उमगल्याशिवाय परत करायचा नाही, आणि परत आल्याशिवाय आपण दिलेला संकेत पोचला असं धरायचं नाही.

1985 ते 2019 अशी चौतीस वर्षं मी हे काम केलं. बरीचशी नोकरी मराठवाड्यातल्या एकेरी मार्गावरच्या छोट्या स्टेशनांवर गेली. गाव आम्हाला नुसतं ‘मास्तर’ म्हणायचं. लोकांना वाटतं की मास्तर गाड्या चालवतो. गाडी ड्रायव्हर चालवतो. मास्तर दिवसभर बोलतो, ऐकतो आणि जे बोललं-ऐकलं गेलं ते वेळेसकट वहीत लिहितो. माणसं एकमेकांना काही सांगतात तेव्हा नेमकं काय घडतं, ते मी पुस्तकात नंतर वाचलं. शिकलो मात्र त्या खोलीत.

एकेरी मार्गावर जाणारी गाडी आणि येणारी गाडी एकाच रुळावरून धावतात. म्हणून दोन स्टेशनांमधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी, हा सगळ्या नियमांचा पाया. मी लागलो तेव्हा आमच्याकडे नील्स बॉल टोकनची यंत्रं होती. दोन स्टेशनांवर दोन पेट्या, तारेनं जोडलेल्या, आत पोलादी गोळे. दोन्ही मास्तरांनी ठोक्यांनी आणि फोनवर एकमेकांची संमती घेतली की गाडी सोडणाऱ्याच्या पेटीतून एक गोळा बाहेर पडायचा. तो गोळा यापैकी कुठल्याही एका पेटीत परत जाईपर्यंत दुसरा निघायचाच नाही. गोळ्यावर त्या पट्ट्याचं नाव कोरलेलं असायचं, आणि ड्रायव्हरनं तो हातात घेऊन नाव वाचायचं असा नियम होता.

न थांबणाऱ्या गाडीला गोळा द्यायचा म्हणजे वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या चामडी पिशवीत तो घालून पॉइंट्समन फलाटाच्या कडेला उभा राहायचा. इंजिनातून ड्रायव्हरचा असिस्टंट बाहेर झुकायचा, आधीच्या पट्ट्याचं कडं खाली टाकायचा आणि हे कडं दंडात अडकवून घ्यायचा. रात्री हे सगळं कंदिलाच्या उजेडात. मला त्या गोळ्याबद्दल आजही आदर आहे. शब्द विसरला जातो, अर्धवट ऐकू येतो, मागाहून नाकारताही येतो. गोळा मात्र हातात असतो किंवा नसतो.

फाटकांवर गोळा नव्हता. तिथं नुसता फोन होता, आणि फोनवर फक्त शब्द.

फाटक बंद झाल्याची खात्री करायला प्रायव्हेट नंबर असतो. गेटमनकडे दोन आकडी संख्यांचा एक छापील तक्ता असतो. संख्या कुठल्याही क्रमानं नसतात. मास्तरनं सांगायचं, अमुक गाडी सोडतोय, फाटक बंद करा. गेटमननं फाटक लावायचं, कुलूप घालायचं, मग तक्त्यातला पुढचा नंबर सांगायचा आणि तो खोडून टाकायचा. एकदा वापरलेला नंबर पुन्हा वापरायचा नाही. मास्तरनं तो नंबर आपल्या वहीत गाडीपुढे लिहायचा. स्टेशन-स्टेशनमध्येही महत्त्वाच्या निरोपांना असेच नंबर दिले-घेतले जातात. नव्या माणसाला हा कारकुनी सोपस्कार वाटतो. मलाही वाटला होता.

नोकरीचं दुसरं वर्ष, जानेवारीची रात्र, उसाचा हंगाम. मालगाडी माझ्याकडे उभी, सुटायला तयार. मी फाटकाला फोन लावला. तारेवर खरखर होती.

“मालगाडी सोडतोय. फाटक बंद?”

“हो मास्तर.”

मी फोन ठेवला आणि सिग्नलकडे वळलो. मोठे मास्तर त्या रात्री ड्यूटी संपूनही चहासाठी थांबले होते. त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “नंबर कुठाय?”

“हो म्हणाला ना तो.”

“हो तर म्हणाला. नंबर कुठाय?”

मी पुन्हा फोन फिरवला. यावेळी तो बराच वेळ वाजत राहिला. मग धापा टाकत गेटमन बोलला, “मास्तर, थांबा. उसाची ट्रॉली रुळावरच अडकलीय. ढकलतोय. निघाली की देतो नंबर.”

पुढची अकरा मिनिटं आम्ही दोघं एक शब्दही बोललो नाही. मग फोन आला. “बंद झालं फाटक. घ्या नंबर, सेव्हन फोर.” मी तो लिहिला. माझं अक्षर त्या ओळीत वेगळंच आलं होतं.

गेटमन खोटं बोलला नव्हता, हे मला त्या रात्री झोप येईना तेव्हा उमगलं. त्याचं ‘हो’ म्हणजे ‘ऐकलं’. मी घेतलेला अर्थ ‘केलं’. आपल्या भाषेत या एका अक्षरात किती गोष्टी राहतात पाहा. ऐकू आलं, हो. समजलं, हो. पटलं, हो. करतो, हो. केलं, हो. आणि कधी कधी, आता पुरे करा, हो. समोरासमोर असलो की चेहरा, मान, हाताची हालचाल पाहून आपण यातलं नेमकं ‘हो’ निवडतो, आणि बहुतेकदा बरोबर निवडतो. फोनच्या तारेतून चेहरा जात नाही. शिवाय घाईत असलेला माणूस आपल्याला हवा तोच अर्थ घेतो. मला गाडी सोडायची होती, म्हणून मला ‘केलं’ ऐकू आलं.

प्रायव्हेट नंबर या ‘हो’चीच वाट अडवतो. ‘हो’ आपसूक तोंडातून निघतं, नंबर आपसूक निघत नाही. त्यासाठी माणसाला तक्ता काढावा लागतो, ओळ शोधावी लागते, आकडा वाचावा लागतो, खोडावा लागतो. तेवढ्या वेळात त्याचं लक्ष त्या एका कामावर येतंच. दोन ठिकाणी लिहिला गेल्यामुळे तो मागाहून ताडूनही पाहता येतो.

असं ‘हो’ माणसांच्या जिवावर उठल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण विमानांचं आहे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. एका विमानानं आपण उड्डाण करत असल्याचं कळवलं. नियंत्रकाला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी उभं आहे. तो ‘ओके’ म्हणाला आणि थांबायला सांगू लागला. नेमक्या त्याच क्षणी दुसरं विमानही रेडिओवर बोललं. दोन आवाज एकमेकांवर चढले आणि पहिल्या विमानाला ‘ओके’पुढचं धड ऐकूच गेलं नाही. त्यानंतर विमान वाहतुकीत महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ‘ओके’ चालेनासं झालं. सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची पद्धत पक्की झाली. या अपघाताचा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला जानेवारीतली ती ट्रॉली दिसली.

ऐकणाऱ्याला परत काही द्यावं लागतं, हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. माझी आजी गोष्ट सांगताना हुंकार मागायची. ‘हं’ थांबलं की गोष्ट थांबायची. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी’ करतात, त्यावर शाहिराचा पुढचा चौक उभा राहतो. पण गोष्टीतला हुंकार ‘मी जागा आहे’ एवढंच सांगतो. तो घंटीचा पहिला ठोका. काय कळलं, ते त्यातून कळत नाही. गोष्टीला तेवढं पुरतं. मालगाडीला पुरत नाही.

आकड्यांनी तर मला वेगळाच धडा दिला. माझ्या शेजारच्या स्टेशनांवर तेलुगू, हिंदी, कन्नड बोलणारे मास्तर होते. गाडीचे आणि नंबरांचे आकडे आम्ही एकेक अंक सुटा करून, इंग्रजीत सांगायचो. हिंदीतले उनहत्तर, उन्नासी, नवासी खरखरीच्या तारेवर एकसारखेच ऐकू येतात. मराठीत आपण एकम आधी बोलतो आणि दशक मागून. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. दमलेल्या माणसाच्या हातून पंचवीसचे बावन्न व्हायला वेळ लागत नाही.

काही निरोप तर कुणी न बोलताच येतात. प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची पाटी असते, रात्री लाल दिवा. गाडी निघून जाताना मास्तरनं ती डोळ्यांनी पाहायची. पाटी दिसली म्हणजे गाडी पुरी आली. दिसली नाही, तर गाडीचा तुकडा मागे पट्ट्यात सुटून राहिला असू शकतो. मग मागच्या स्टेशनला चार ठोके द्यायचे नाहीत. आपण सगळे असलेल्या गोष्टी पाहतो, नसलेली गोष्ट पाहायला शिकवावं लागतं. धडधडत जाणाऱ्या मालगाडीचे डबे डोळ्यांसमोरून सरकत असताना नजर शेवटच्या डब्यावर टिकवून धरणं, हे या नोकरीतलं मला सगळ्यात कठीण वाटलेलं काम.

गाडी मध्येच अडकून पडली तर गार्ड मागे चालत जातो आणि रुळावर फटाके बांधतो. ब्रॉडगेजवर गाडीपासून 600 मीटरवर एक, मग 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतरानं. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला अंधारात, पावसात झेंडी दिसेलच असं नाही, म्हणून निरोप कानावर टाकायचा. तीन एवढ्यासाठी की एखादा दमट निघाला तरी बाकीचे वाजतील. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञानं 1948 साली संदेशवहनाचा सिद्धांत मांडला. वाटेत गोंगाट असेल तर निरोपात काही जास्तीचं घालून तो शाबूत पोचवता येतो, हे त्यानं गणितानं दाखवून दिलं. रुळावरचे ते तीन फटाके त्याच कुळातले. घरात आई मुलाला एकच गोष्ट तीनदा सांगते तेव्हा आपण तिला बोलतो. तिच्या घरात किती गोंगाट आहे, हे आपण मोजत नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत यंत्रं बदलली. गोळे गेले, पॅनेल आलं. पण ड्यूटी देणं-घेणं बदललं नाही. जाणाऱ्यानं डायरीत लिहायचं, तोंडानं सांगायचं, येणाऱ्यानं वाचून सही करायची.

2019 च्या मे महिन्यात मी शेवटचा चार्ज दिला. घ्यायला आलेली मास्तरीण पंचविशीतली होती, विदर्भातली, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. बाहेर हार-तुरे घेऊन लोक उभे होते, आणि माझं मन थोडं तिकडे होतं. मी डायरी उघडून भराभर सांगितलं. लूपवर मालगाडी उभी आहे. पूर्वेच्या फाटकाचा फोन नीट लागत नाही, दोनदा लावावा लागतो. किलोमीटर दोनशे पंचवीसला रुळाचं काम सुरू आहे, वेग तीसचा.

ती ‘हो सर’ म्हणाली नाही. तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून एकेक गोष्ट परत म्हटली. लूपवर मालगाडी. पूर्वेचं फाटक, फोन दोनदा. किलोमीटर टू-टू-फाइव्ह, वेग थ्री-झीरो.

माझंच वाक्य तिच्या तोंडून ऐकलं आणि मी थांबलो. दोनशे पंचवीस आमच्या हद्दीतच नव्हतं. डायरीत माझ्याच हातानं 252 लिहिलेलं होतं. तिनं अगदी बरोबर ऐकलं होतं. चुकीचं सांगितलं होतं मी.

“टू-फाइव्ह-टू,” मी म्हणालो.

“टू-फाइव्ह-टू,” ती म्हणाली, आणि डायरीतल्या आकड्याखाली तिनं रेघ ओढली. मग तिनं सही केली, तिच्या सहीशेजारी मी केली, आणि खुर्चीतून उठलो.